कणाचं वय वेगळं, खडकाचं वेगळं

या व्हिडिओत बघूया खडकाचं वय कसं काढतात ते. क्रशरमध्ये जातोय तो ग्रॅनाइट, आणि एवढा मोठा दगड फोडायचा कशासाठी, तर त्यातले झिरकॉन या खनिजाचे पाव मिलिमीटरहून बारीक कण शोधायला. चुरा चाळून या हलत्या टेबलवर पाण्यासोबत सोडला की हलकं सगळं वाहून जातं, जड मागे राहतं. मग चुंबक, मग मिथिलीन आयोडाइड हे जड द्रव, त्यात क्वार्ट्झ तरंगतं आणि झिरकॉन तळाशी बसतो.

आणि शेवटी माणूसच लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली मान घालून, चिमट्याने एकेक कण उचलायचा, भेग दिसली की बाजूला, स्वच्छ असला की ओळीत. महागड्या मशीनचे फोटो सगळेच दाखवतात, या कामाचे कोणी दाखवत नाही, म्हणून हा शॉट मुद्दाम लांब ठेवलाय.

झिरकॉनच का? कारण हा स्फटिक बनताना युरेनियमला आत घेतो, शिशाला जवळपास नाहीच. त्यामुळे आज आत सापडणारं शिसं बहुतेक सगळं युरेनियमच्या क्षयातूनच, म्हणजे युरेनियमचं हळूहळू शिसं होत जाण्यातूनच आलेलं असतं. युरेनियम 238 निम्मं व्हायला सुमारे 447 कोटी वर्षं, 235 ला सुमारे 70 कोटी, म्हणजे एकाच कणात दोन घड्याळं, आणि दोन्ही जुळली तरच आकड्यावर भरवसा ठेवायचा. मधेच शिसं निसटलं असेल तर ती जुळत नाहीत.

आता हे बघा. इलेक्ट्रॉनचा मारा केला की कण असा उजळतो, एकात एक वलयं दिसतात. मधला गाभा जुना, कडेचा थर खडक नंतर कधीतरी पुन्हा तापला तेव्हाचा. अख्खा कण विरघळवून मोजला तर दोन्हींची भेसळ होते आणि येणारं वय कुठल्याच घटनेचं नसतं. म्हणून हे यंत्र, श्रिम्प, कणाच्या एका बारीक ठिपक्यातले अणू मोजणारं. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत विल्यम कॉम्पस्टन यांच्या टीमने उभं केलेलं. ऑक्सिजनच्या आयनांचा झोत नेमका गाभ्यावर पडतो, 20-30 मायक्रॉनचा खड्डा पडतो, त्यातून उडालेलं युरेनियम आणि शिसं मोजलं की झालं.

पश्चिम ऑस्ट्रेलियातला जॅक हिल्सचा खडक सुमारे 300 कोटी वर्षांपूर्वी गाळातून बनला, पण त्यातल्या एका कणाचं वय 2001 मध्ये जाहीर झालं ते 440 कोटी. तो कण ज्या खडकात जन्मला तो आजवर सापडलेला नाही.

पण झिरकॉन फक्त मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, कधी गोठला किंवा नंतर कधी तापला ते सांगतो, खडकात सोन्यासारखा धातू कधी आला ते नाही. इथेच घोळ होतो, शेजारच्या खडकाचं वय उचलून धातूच्या साठ्याला चिकटवून देतात. त्यापेक्षा धातूसोबत जे बनलं तेच मोजा ना! हे राखाडी, चकचकीत पापुद्रे मॉलिब्डेनाइट या धातूच्या खनिजाचे आहेत, बनताना यांच्यात रेनियम हा धातू शिरतो आणि ऑस्मियम हा दुसरा धातू जवळपास नसतोच, मग रेनियम 187 चं हळूहळू ऑस्मियम 187 होत राहतं, म्हणजे पुन्हा एक घड्याळ.

दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या पट्ट्यात तर हीच पद्धत थेट सोन्यावर वापरली, 2002 मध्ये वय आलं सुमारे 303 कोटी वर्षं, म्हणजे ते ज्या गाळाच्या खडकात अडकलंय त्याच्याही आधीचं. ते नद्यांनी वाहून आणलं असं आम्हाला तरी वाटतं, गरम पाण्याने नंतर आणलं म्हणणारेही आहेत आणि वाद मिटलेला नाही. सोनं शोधताना ड्रिल जुन्या नदीप्रवाहांच्या मागे न्यायचं की गरम पाणी जिथून आलं त्या भेगांच्या, ते अर्थात यावरच ठरतं.