फ्रेंच लोक लोणी-चीज खाऊनही सडसडीत कसे राहतात?

नमस्कार मंडळी.

फ्रान्समध्ये दुपारचा एक वाजला की निम्मा देश जेवत असतो. हे उगाच फुगवून सांगत नाही. इन्से ही तिथली राष्ट्रीय सांख्यिकी संस्था. तिनं 2010 साली लोकांच्या दिवसभराच्या वेळेच्या नोंदी घेतल्या, तेव्हा दुपारी एकला दोनातला एक माणूस जेवताना सापडला. त्या नोंदींचा आलेख काढला तर तीन सुळके दिसतात: सकाळचा, दुपारी एकचा आणि रात्री आठच्या आसपासचा. मधली जागा जवळजवळ सपाट. आजचा सगळा व्हिडिओ त्या सपाट जागेबद्दल आहे, कारण आमच्या मते खरं उत्तर तिथंच आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. फ्रान्समध्ये सगळे बारीक नाहीत. 2020 च्या ओबेपी या लठ्ठपणाच्या पाहणीत तिथले 17 टक्के प्रौढ लठ्ठ निघाले, आणि त्यांच्यासकट, वजन जास्त असलेले सगळे धरले तर 47 टक्के. 1997 मध्ये लठ्ठ लोक 8.5 टक्केच होते, म्हणजे तिथंही आकडा चढतोय. हे आकडे लोकांनी स्वतः सांगितलेल्या उंची-वजनावरून काढलेले आहेत, त्यामुळे थोडे कमीच असणार. तरी अमेरिकेत त्याच सुमारास लठ्ठपणा 42 टक्क्यांच्या घरात होता. लोणी, चीज, पाव, चॉकलेट हे सगळं घरात असूनही एवढा फरक पडतो, म्हणून हा विषय समजून घेण्यासारखा आहे.

येता-जाता तोंडात काहीतरी टाकण्याला फ्रेंचमध्ये ‘ग्रिन्योते’ म्हणतात. शब्दशः अर्थ कुरतडणं, उंदीर कुरतडतो तसं. 2007 पासून तिथं गोड पेयं आणि पॅकबंद खाऊच्या जाहिरातींवर आरोग्याचा संदेश छापावा लागतो. त्यातला एक संदेश हाच आहे: तब्येतीसाठी दोन जेवणांच्या मधे कुरतडणं टाळा. म्हणजे बिस्किटाच्या जाहिरातीवरच ‘मधेमधे खाऊ नका’ असं लिहिलेलं.

आता हे जमतं कसं? बऱ्याच जणांचं इथंच चुकतं. मधलं खाणं बंद करायचं ठरवतात आणि दुपारचं जेवणही हलकं करतात. मग साडेचारला हात डब्याकडे जाणारच. फ्रेंच दुपार हलकी नसते. आधी भाजीचा थंड पदार्थ, मग मासा, मटण किंवा अंडं आणि सोबत भाजी किंवा बटाटा, पावाचे दोन-तीन तुकडे, शेवटी दही, चीज किंवा फळ. एवढं खाल्लेला माणूस संध्याकाळपर्यंत टिकतो. दोन जेवणांमधलं अंतर आधीच्या जेवणावर पेलतं, मनाच्या निग्रहावर नाही.

लहान मुलांना मात्र चौथं खाणं असतं, ‘गुते’. शाळा सुटल्यावर साडेचारच्या सुमारास. पावाच्या तुकड्यात चॉकलेटच्या दोन-तीन वड्या, किंवा फळ, किंवा दही. वेळ ठरलेली, माप ठरलेलं, आणि ते संपलं की थेट रात्रीचं जेवण. आपल्या संध्याकाळच्या चहाशी याचं नातं लगेच लक्षात येईल. फरक एवढाच की आपल्याकडे चहाबरोबर फरसाणचा डबा उघडतो आणि स्वयंपाक होईपर्यंत उघडाच राहतो.

ही शिस्त काही जन्मजात नसते, शाळेत लागते. 2011 च्या नियमानुसार शाळेच्या कँटीनमध्ये पाणी आणि पाव मुलांना हवा तेवढा मिळतो, पण मीठ, केचप, मेयोनेज मुलांच्या हाताशी मोकळं ठेवायचं नाही, पदार्थाला साजेल तेवढंच वाढायचं. त्याआधी, 2005 च्या सप्टेंबरपासून, शाळांमधली खाऊ-पेयांची यंत्रंच बंद झाली. मोठ्यांसाठीही चौकट आहे. फ्रेंच कामगार कायद्यात कामाच्या जागेवरच बसून जेवायला मुळात मनाई आहे, कोविडच्या काळात ती तात्पुरती सैल केली होती. कीबोर्डवर तुकडे सांडत खाल्लं की किती खाल्लं याचा हिशेब राहत नाही. उठून दुसरीकडे जाऊन बसलं की जेवणाला सुरुवात असते आणि शेवटही असतो.

आता ताटाकडे येऊ.

(टेबलावर किसणी, गाजरं, मोहरीची बरणी. कॅमेरा जवळ.)

हा फ्रान्समधला अगदी रोजचा पहिला पदार्थ, ‘कारोत रापे’. किसलेलं गाजर. हो, आपल्या गाजराच्या कोशिंबिरीचा सख्खा भाऊ. चार माणसांना अर्धा किलो गाजर घ्या. किसणीची मधली भोकं वापरा. बारीक भोकांनी गाजराचा लगदा होतो, चावायला काही उरत नाही, आणि चावणं हाच इथला अर्धा फायदा आहे.

वरचं विनेग्रेत, म्हणजे आंबट रस आणि तेलाचं मिश्रण, वाडग्यात आधी करून घ्यायचं. एक मोठा चमचा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर, त्यात मीठ. मीठ रसात विरघळतं, तेलात विरघळत नाही, म्हणून आधी मीठ. मग एक लहान चमचा मोहरीची पेस्ट. फेसलेली मोहरी घालायची सवय आपल्याकडेही आहेच, ती चालेल, फक्त निम्मी घ्या, कारण ती जास्त झणझणीत असते. आता तेल, तेही थेंब-थेंब आणि सतत फेटत. मोहरी तेल आणि आंबट रस एकत्र धरून ठेवते. तेल एकदम ओतलंत तर फाटतं, वर तवंग येतो, आणि मग गाजराला चव लागावी म्हणून आपण आणखी तेल घालतो.

फ्रेंच रिवाजात एका आंबटाला तीन तेल. तीन मोठे चमचे तेल म्हणजे 360 च्या आसपास कॅलरी, माणशी 90. रोजच्यासाठी दोन चमचे पुरतात, माणशी 60 होतात. पण चमच्यानं मोजा. बाटलीतून अंदाजानं ओतलेलं तेल दुप्पट कधी होतं ते डोळ्याला कळत नाही. कालवून वीस मिनिटं ठेवा, वरून कोथिंबीर घाला. तासन्‌तास ठेवलं तर गाजर पाणी सोडतं आणि सगळं बेचव होतं.

हे पहिलं का? कारण भूक सगळ्यात कडक असते ती पहिल्या दहा मिनिटांत, आणि त्या दहा मिनिटांत समोर फक्त गाजर आहे. हिवाळ्यात हीच जागा रात्री सूपाची. लीक नावाचा लांब, सौम्य कांदा आणि बटाटा, पाण्यात शिजवून घोटलेला. आपल्या ताटात कोशिंबीर आहेच, पण ती डावीकडे चमचाभर असते आणि बरेचदा शेवटी उरते. तीच वाटीभर करून आधी संपवली की पोळी-भाताची वेळ येईपर्यंत भुकेचा जोर निवलेला असतो.

(दह्याचा छोटा डबा हातात.)

मापाबद्दल एक जुना पण चांगला अभ्यास आहे. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी पॅरिस आणि फिलाडेल्फियातल्या हॉटेलांमधले पदार्थ वजन करून पाहिले, 2003 मध्ये ते प्रसिद्ध झालं. पॅरिसमध्ये एका माणसाचं सरासरी वाढप 277 ग्रॅम, फिलाडेल्फियात 346. दह्याचा डबा फ्रान्समध्ये 125 ग्रॅम, अमेरिकेत 227. हा बघा 125 ग्रॅमचा डबा, आपल्या आमटीच्या लहान वाटीएवढा. माणूस एक डबा संपवतो आणि थांबतो, मग तो केवढाही असो. त्यामुळे किती खायचं हे पुष्कळदा भांडं ठरवतं. त्याच अभ्यासातली आणखी एक नोंद: मॅकडोनाल्डमध्ये फिलाडेल्फियाचा गिऱ्हाईक सरासरी 14 मिनिटं बसला, पॅरिसचा 22. खाणं लहान, वेळ मोठा. पोट भरल्याची जाणीव व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि जो आठ मिनिटांत ताट संपवतो त्याला ती जाणीव दुसऱ्यांदा वाढून घेतल्यावर होते.

चीज वाढतात ते साधारण 30 ग्रॅम, काडेपेटीपेक्षा थोडं मोठं. ‘बागेत’ नावाचा लांब पाव 250 ग्रॅमच्या आसपास असतो, त्याचा पाचवा हिस्सा एका जेवणाला धरा. क्रोआसाँ, म्हणजे लोण्याचा चंद्रकोरीसारखा पाव, रोजची गोष्ट नाही, बहुतेक घरांत रविवारची, आणि बेकरीतून मोजून आणतात, माणशी एक. पिशवीभर आणून ठेवली की सोमवारीही खाल्ली जातात.

पेय म्हणाल तर जेवणाबरोबर पाणी. हॉटेलात जेवायला बसलात की नळाच्या पाण्याची सुरई फुकट मिळते. आणि वाइन? 1990 च्या दशकात ‘फ्रेंच विरोधाभास’ म्हणून वाइनचं फार कौतुक झालं. तेव्हाचा मुद्दा एवढं स्निग्ध खाऊनही फ्रेंचांना हृदयविकार कमी का, हा होता, वजनाचा नव्हताच. एका ग्लासात 85 च्या आसपास कॅलरी जातात. फ्रान्सचं आरोग्य खातंच आता सांगतं: दिवसाला दोन ग्लासांपेक्षा जास्त नको आणि रोज तर नकोच. सिगारेटचंही सांगायला हवं. 2022 मध्ये तिथं जवळजवळ चौथा हिस्सा प्रौढ रोज सिगारेट ओढत होते, आणि निकोटिन भूक मारतं. बारीकपणातला तो वाटा आपल्याला अजिबात नको आहे.

आता चालणं.

पॅरिसच्या हद्दीतल्या प्रवासांची पाहणी 2024 मध्ये जाहीर झाली. निम्म्याहून जास्त फेऱ्या पायी, 11 टक्के सायकलवर, मोटारीनं फक्त 4 टक्क्यांच्या आसपास. मेट्रोची स्टेशनं साधारण अर्ध्या किलोमीटरवर आहेत, पण बहुतेक जुन्या स्टेशनांना लिफ्ट नाही. जुन्या इमारती सहा मजल्यांच्या, आणि कित्येकांत लिफ्ट नंतरही बसवली नाही. सामान आणायला दोन चाकांची ओढायची पिशवी असते, ती घेऊन मंडईत चालत जायचं.

आणि पाव. ‘त्रादिस्याँ’ नावाच्या पावासाठी 1993 चा सरकारी नियम आहे: गोठवायचा नाही, टिकवण्यासाठी काही मिसळायचं नाही. पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट, स्निग्ध काहीच नाही. म्हणून सकाळचा पाव रात्रीपर्यंत वातड होतो, दुसऱ्या दिवशी काठीसारखा कडक. ताजा हवा तर रोज बेकरीपर्यंत जावंच लागतं. पाव टिकत नाही, म्हणून माणूस चालतो.

याचा हिशेब मात्र भाबडेपणानं करू नका. 60 किलोच्या माणसाचे एक किलोमीटर चालण्यात सुमारे 50 कॅलरी खर्च होतात. चार किलोमीटर चाललात तर 200, म्हणजे एका क्रोआसाँपेक्षाही कमी. ‘आज चाललो, आता खाऊ’ म्हटलं की सगळं फुकट. हे चालणं उपयोगी पडतं कारण ते रोज होतं, पावसातही होतं, आणि त्यासाठी वेगळे बूट घालून निघावं लागत नाही. सोसायटीच्या बाहेर सहाशे-सातशे मीटरवर रोजचं एखादं काम ठरवा: दूध, भाजी, पाव. आठवड्याचं एकदम भरू नका. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाललात तर रक्तातली साखरही कमी उसळते.

सुरुवात कशी करायची? पहिले सात दिवस पदार्थ बदलू नका. फक्त प्रत्येक वेळी तोंडात काही गेलं की वेळ लिहा, चहातली साखर आणि स्वयंपाक करताना घेतलेली चवसुद्धा. दुसऱ्या आठवड्यात चार वेळा पक्क्या करा, चौथी म्हणजे संध्याकाळचं खाणं: बशीत वाढून, बसून, मग डबा बंद. दुपारी डाळ, उसळ किंवा अंडं वाढवा, नाहीतर टिकणार नाही. तिसऱ्या आठवड्यापासून वाटीभर कोशिंबीर आधी. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, किंवा दिवस गेलेले असतील, तर खाण्यातलं अंतर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवायचं नाही.

वजन आठवड्यातून एकदाच, त्याच वारी, सकाळी काही खाण्याआधी करा. मिठाच्या जेवणानं दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर गेला तर ते शरीरात थांबलेलं पाणी असतं. पुढच्या आठवड्यातला आकडा बघा.