लांब इंग्रजी शब्द शेवटाकडून सोडवा

(दृश्य : फळ्यावर एकाखाली एक तीन शब्द – इलेक्ट्रिक, इलेक्ट्रिसिटी, इलेक्ट्रिशियन)

हे तीन शब्द आपण रोज वापरतो आणि प्रत्येक सिलेबल, म्हणजे एका स्वराभोवतीचा एका झटक्यात म्हटला जाणारा तुकडा, साधारण सारख्याच जोराने म्हणतो. मराठीत ते खपून जातं. इंग्रजीत मात्र लांब शब्दातलं एक सिलेबल ठळक यावं लागतं. तो आघात चुकला, की बाकीचे उच्चार बरोबर असूनही ऐकणारा अडखळतो.

म्हणून आधी शब्दाचा शेवट बघा. ‘इक’ हा प्रत्यय आघात आपल्या आधीच्या सिलेबलवर ठेवतो : इ-लेक्-ट्रिक, जोर ‘लेक्’वर. त्याला ‘इटी’ जोडला की जोर एक घर पुढे सरकतो : इ-लेक्-ट्रि-सि-टी, आता ‘ट्रि’वर. शिवाय स्पेलिंगमधल्या ‘सी’पुढे ‘आय’ आल्याने ‘क’चा ‘स’ होतो.

(दृश्य : तिसऱ्या शब्दाचे तुकडे पडतात)

इथे हमखास गफलत होते. मराठीत आपण इ-लेक्-ट्रि-शि-यन असे पाच तुकडे पाडतो. इंग्रजीत चारच आहेत. शेवटी ‘आय’ आणि ‘ए’ शेजारी-शेजारी लिहिलेले असले तरी ऐकू येतो एकच ‘शन’. सिलेबल मोजायचं ते कानाने, अक्षरं बघून नाही. हनुवटीखाली हात धरून शब्द सावकाश म्हटला तर बहुतेक स्वरांना जबडा खाली येतो. ‘इ’ला मात्र तो जेमतेम हलतो, तिथे टाळी वाजवून मोजलेलं बरं. ‘फिल्म’चं ‘फिलिम’ झालं की एकाची दोन सिलेबल होतात, ते टाळीवर लगेच कळतं.

जोर सरकला की मागे राहिलेला स्वर विरतो. फोटोग्राफमध्ये ‘फो’ ठसठशीत. फोटोग्राफीत जोर दुसऱ्या सिलेबलवर जातो, आणि ‘फो’चा जवळजवळ ‘फ’ उरतो : फ-टॉ-ग्र-फी. आपण प्रत्येक स्वर पुरा म्हणतो, तिथेच लय बिघडते.

‘मेंट’, ‘नेस’, ‘ली’ हे प्रत्यय आघाताला हात लावत नाहीत. डेव्हलपमध्ये जोर दुसऱ्या सिलेबलवर, डेव्हलपमेंटमध्येही तिथेच. आपण तो ‘डे’वर देतो, तो तिथे नाही.

‘इक’च्या नियमाला अपवाद आहेतच : पॉलिटिक्समध्ये जोर ‘पॉ’वर. शंका आली की शब्दकोशात उच्चार बघा. वरच्या बाजूची बारीक उभी रेघ ज्या सिलेबलच्या आधी असते, मुख्य जोर त्याच्यावर. रेघ खाली असेल तर दुय्यम.