होटगी रोडची इमारत, कुंभारीचं घर

(दृश्य: पहाट. होटगी रोड. अर्ध्यावर आलेली उंच इमारत, खाली सेंट्रिंगच्या फळ्यांचा ढीग.)

आज आठव्या मजल्याचा स्लॅब आहे. उजाडायच्या आधीच मिक्सरच्या गाड्या रांगेला लागल्यात. सळई वाकवणारे, सेंट्रिंगवाले, डोक्यावर पाटी घेतलेल्या बायका, सगळे कामाला भिडलेत. इथं चार बेडरूमचे फ्लॅट होणार, क्लब हाऊस होणार, पोहायचा तलाव होणार. अशा इमारतींनी सोलापूरचं, आपल्यासारख्या देशाचं भलं होतं का?

होतं. हे आधी मोकळेपणानं सांगायला हवं. सिमेंट होटगीतच तयार होतं. गवंडी, रंगारी, प्लंबर यांच्या घरची चूल त्यावर पेटते. बांधकाम चालू असलेल्या अशा फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी सरकारला जातो, मुद्रांक शुल्क वेगळं. बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर लागतो, तो कामगारांच्या कल्याणासाठी. पुण्यात कमावलेला पैसा कुणी आपल्या गावात आणून घातला, तर आनंदच आहे.

आमचा प्रश्न सुरू होतो तो किल्ली हातात पडल्यानंतर.

(दृश्य: जुनी मिल कंपाउंड. दुकानं, घरं, रिक्षा.)

१८७७ साली इथं सोलापूरची पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढं नरसिंग गिरजी आली, लक्ष्मी-विष्णू आली. माझे आजोबा लक्ष्मी-विष्णूत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. पगार झाला की ते आधी किराणावाल्याची उधारी भागवायचे, मग खानावळीची, मग शिंप्याची. शिंपी त्याच पैशातून पोराची फी भरायचा. एकच नोट महिनाभर पेठांमधून फिरत राहायची, आणि पुढच्या महिन्यात भोंगा वाजला की पुन्हा नवी नोट यायची. हे चक्र गिरण्यांबरोबर थांबलं.

आलिशान फ्लॅटचा पैसा असा फिरत नाही. बराचसा जमिनीच्या किमतीत जातो. इटालियन मार्बलचा पैसा देशाबाहेर जातो. बांधकाम संपलं की गवंडी दुसरं गाव धरतो. मागं उरतात दोन-चार वॉचमन, घरकामाच्या बाया आणि लिफ्टच्या देखभालीचा करार. त्यात निम्मे फ्लॅट नुसते गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूपबंद ठेवले, तर तेवढंही नाही.

कुलपांची गोष्ट साधी नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत १ कोटी १० लाखांहून जास्त घरं रिकामी निघाली. पुढच्याच वर्षी सरकारी तज्ज्ञांनी शहरांतली घरांची टंचाई मोजली: सुमारे १ कोटी ८८ लाख. त्यातली ९५ टक्क्यांहून अधिक गरीब आणि अल्प उत्पन्न गटातली. घरं आहेत तिथं माणसं नाहीत, माणसं आहेत तिथं घरं नाहीत. पुण्याजवळच्या लवासाचं काय झालं, आपण पाहिलंच. डोंगर फोडून शहर उभं केलं आणि २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं. तोवर त्यात अडकलेली बँकांची कर्जं कुणाच्या ठेवींतून आली होती?

(दृश्य: गल्लीतला नळ. घागरींची रांग.)

आणि पाणी. सोलापूरला ते शंभरेक किलोमीटरवरच्या उजनीतून येतं, आणि नळाला रोज येत नाही. पाणी यायच्या दिवशी घरातलं एक माणूस कामावर न जाता घागरी भरत बसतं. त्याची बुडलेली मजुरी कुठल्या हिशेबात धरायची? पोहायच्या तलावाची परवानगी देताना हे कुणीतरी विचारायला हवं.

(दृश्य: कुंभारी. रे नगरच्या इमारती, गच्च्यांवर वाळणारे कपडे.)

अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीत विडी कामगार, यंत्रमाग कामगार, शिवणकाम करणाऱ्या बाया अशा असंघटित कामगारांची ३०,००० घरांची रे नगर वसाहत उभी राहिली. माजी आमदार नरसय्या आडम मास्तरांनी ती वर्षानुवर्षं लावून धरली. जानेवारी २०२४ मध्ये पहिली १५,००० घरं पंतप्रधानांच्या हस्ते दिली गेली. प्रधानमंत्री आवास योजनेतून एका घरामागं केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख. उरलेलं कामगारांनी स्वतः उभं केलं.

इथंही सिमेंट लागलं, सळई लागली, गवंडी लागले. पण इथलं घर दिवसभर जागं असतं. भाड्याचे वाचलेले पैसे बँकेत पडून राहत नाहीत. त्यातून दप्तर येतं, शिलाई मशीन येतं. तळमजल्याच्या खिडकीत कुणीतरी बिस्किटं आणि शेंगाचटणी मांडतं. शहर लांब आहे, ही इथली अडचण खरी. वळलेल्या विड्या कारखान्यात जमा करायला जायचं तर येण्याजाण्याचं भाडं मजुरीतूनच जातं.

सकाळी पहिल्या बसच्या थांब्यावर एका बाईला विचारलं, कुठं निघालात? हातात डबा होता.

"होटगी रोडला. स्लॅब आहे आज."