परावर्तित प्रकाश आणि प्लॅटिनमवरचे विष

श्रोतेहो, इलेक्ट्रोडवर घडणाऱ्या अभिक्रियेचा अभ्यास म्हटला की प्रथम आठवते ते प्रवाहाचे मोजमाप. विभव बदलायचा, प्रवाह किती वाहतो ते पाहायचे आणि त्यावरून किती इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण झाली याचा हिशेब मांडायचा. हा हिशेब फार अचूक असतो. परंतु इलेक्ट्रॉन कोणत्या रेणूकडून आला हे त्यातून कळत नाही.

ही उणीव किती अडचणीची ठरू शकते, हे मिथेनॉलच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. मिथेनॉलच्या ऑक्सिडीकरणासाठी वापरलेला प्लॅटिनमचा इलेक्ट्रोड सुरुवातीला उत्तम काम करतो आणि थोड्याच वेळात मंदावतो, कारण मिथेनॉलपासूनच तयार झालेले काहीतरी पृष्ठभागावर घट्ट बसून जागा अडवते. या पदार्थाला उत्प्रेरकाचे विष म्हणतात. ते विष म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, की हायड्रोजन अजून शिल्लक असलेला मिथेनॉलचा तुकडा, याविषयी दीर्घकाळ मतभेद होते. एका रेणूने प्लॅटिनमचे किती अणू व्यापले आहेत याचे गृहीतक बदलले की तीच विद्युतभाराची मोजमापे दोन्ही बाजूंना अनुकूल करता येत असत.

रेणू ओळखायचा तर त्याची कंपने पाहावीत आणि त्यासाठी अवरक्त प्रकाश वापरावा, हे उघड होते. अडथळे मात्र दोन होते. पाणी अवरक्त प्रकाश प्रचंड प्रमाणात शोषते. शिवाय एक चौरस सेंटिमीटर गुळगुळीत प्लॅटिनमवर सुमारे १०चा पंधरावा घात इतकेच अणू असतात. लिटरला एक मोल मिथेनॉल असलेल्या द्रावणाच्या एकाच मिलिलिटरमध्ये त्याच्या काही लाखपट रेणू असतात. भरलेला ट्रक वजनकाट्यावर घालून चालकाच्या खिशातील नाण्याचे वजन काढण्यासारखे हे काम आहे.

इंग्लंडमधील साउथॅम्प्टन विद्यापीठात ॲलन ब्यूइक, केइजी कुनिमात्सु आणि स्टॅन्ली पॉन्स यांनी १९८०च्या सुमारास यातून वाट काढली. चकचकीत इलेक्ट्रोड पारदर्शक खिडकीजवळ इतका ढकलायचा की मध्ये काही मायक्रोमीटर जाडीचाच द्रावणाचा थर उरेल. म्हणजे प्रकाश पृष्ठभागापर्यंत पोहोचून परत येऊ शकतो. मग विभव दोन मूल्यांमध्ये सतत आलटून-पालटून ठेवायचा आणि परावर्तित प्रकाशाचा केवळ त्या तालावर बदलणारा भाग मोजायचा. विभवानुसार न बदलणारे पाण्याचे शोषण वजाबाकीत गळून पडते आणि बदलणारे तेवढे शिल्लक राहते.

याच पद्धतीने १९८१ मध्ये बर्नार्ड बेडेन, क्लॉड लामी, ब्यूइक आणि कुनिमात्सु यांनी मिथेनॉलच्या द्रावणातील प्लॅटिनम तपासले. दर सेंटिमीटरला २०५० ते २०८० या तरंगसंख्येच्या (एका सेंटिमीटरमध्ये मावणाऱ्या लहरींच्या संख्येच्या) पट्ट्यात त्यांना ठळक खूण दिसली. प्लॅटिनमच्या एकाच अणूवर उभ्या असलेल्या कार्बन मोनॉक्साइडची ही खूण आहे. मोकळ्या वायूत तीच २१४३ला असते. मतभेदाचे पारडे त्यामुळे निर्णायकपणे झुकले.

मात्र ही खूण वाचताना सावध राहावे लागते, आणि माझ्या मते या पद्धतीचे खरे कसब येथेच लागते. वजाबाकीच्या वर्णपटात ती एकेरी शिखर म्हणून येत नाही. एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली अशी जोडी दिसते. नवख्या अभ्यासकाला वाटते की एक पदार्थ नाहीसा होऊन दुसरा निर्माण झाला. वस्तुतः रेणू तोच आणि तेवढाच असतो. विभव एक व्होल्टने वाढवला की त्याची कंपन-तरंगसंख्या सुमारे ३०ने वर सरकते आणि दोन विभवांची वजाबाकी केली की ही जोडी उमटते. रेणू पृष्ठभागावर आहे याचा हे सरकणे चांगला पुरावा आहे, कारण द्रावणात मोकळ्या फिरणाऱ्या रेणूची तरंगसंख्या इलेक्ट्रोडच्या विभवाने अशी बदलत नाही.

दुसरा पुरावा प्रकाशाच्या ध्रुवीकरणातून मिळतो. विद्युतक्षेत्र पृष्ठभागाला समांतर असलेला प्रकाश धातूवर परावर्तित होताना आपाती आणि परावर्तित लहरी पृष्ठभागापाशी एकमेकींना जवळजवळ रद्द करतात, त्यामुळे तेथे बसलेला रेणू त्याला दिसतच नाही. आपातपातळीत, म्हणजे आपाती आणि परावर्तित किरण ज्या पातळीत असतात तिच्यात, ध्रुवित केलेला प्रकाश तिरका टाकला, तर मात्र क्षेत्र पृष्ठभागाला लंब दिशेने बळकट होते. रॉबर्ट ग्रीनलर यांनी १९६६ मध्ये हे गणिताने दाखवले होते. म्हणून द्रावणात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडची २३४३ची खूण दोन्ही प्रकारच्या प्रकाशात उमटते, तर प्लॅटिनमवरच्या कार्बन मोनॉक्साइडची एकाच प्रकारात.

पातळ थराची किंमतही मोजावी लागते. त्याचा विद्युतरोध मोठा असतो आणि खर्च झालेल्या मिथेनॉलची भरपाई सावकाश होते, त्यामुळे वेगवान अभिक्रियांचा माग या मांडणीत नीट लागत नाही. जपानमध्ये मासातोशी ओसावा यांनी धातूचा अतिशय पातळ लेप सिलिकॉनच्या लोलकावर देऊन प्रकाश मागील बाजूने आत सोडण्याची पद्धत विकसित केली. यात द्रावणाचा थर पातळ ठेवावा लागत नाही आणि खूणही कितीतरी पट तीव्र मिळते. या पद्धतीने प्लॅटिनमवर फॉर्मिक आम्लाच्या आयनाची, म्हणजे फॉर्मेटची, १३२०च्या आसपासची खूण दिसली आणि नवा वाद उभा राहिला: फॉर्मेट हा अभिक्रियेच्या वाटेवरचा टप्पा आहे, की बाजूला नुसता बसून राहिलेला रेणू? खूण दिसली म्हणजे अभिक्रियेतील सहभाग सिद्ध झाला असे मानता येत नाही. खुणेची तीव्रता आणि प्रवाह एकाच वेळी नोंदवून त्यांचा चढउतार जुळतो का, हे पाहावे लागते; किंवा कार्बन-१३ हा कार्बनचा जड समस्थानिक असलेले द्रावण आत सोडून पृष्ठभागावरील जुने रेणू किती वेगाने बदलले जातात आणि तो वेग प्रवाहाला पुरेसा आहे का, हे तपासावे लागते.