बग बंद झाला, पण आला कुठून?

४ जून १९९६. युरोपच्या एरियान ५ रॉकेटचं पहिलंच उड्डाण. जेमतेम चाळीस सेकंदांत त्याचे तुकडे झाले.

दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेत ६४ बिटांचा एक आकडा १६ बिटांच्या जागेत बसवला जात होता. तो मावला नाही, आणि यंत्रणाच बंद पडली.

एवढा बग, म्हणजे प्रोग्रॅममधला दोष, दुरुस्त करणं अवघड नव्हतं. पण चौकशी समितीने पुढचे प्रश्न विचारले. अशा सात आकड्यांपैकी चार मावले नाहीत तरी यंत्रणा सांभाळून घेईल अशी सोय होती, उरलेल्या तिनांसाठी नव्हती. का? प्रोसेसरवरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता. शिवाय आधीच्या एरियान ४ रॉकेटच्या उड्डाणात हे आकडे इतके वाढणारच नव्हते. तोच कोड नव्या रॉकेटमध्ये जसाच्या तसा आला. नव्या उड्डाणमार्गाचे आकडे देऊन त्याची चाचणी झालीच नाही. आणि कहर म्हणजे, जमीन सोडल्यावर ज्या गणितात हा आकडा लागत होता, त्याची एरियान ५ ला गरजच नव्हती!

रोजच्या कामात प्रत्येक बगमागे चौकशी समिती बसवता येत नाही. तिथे नोंदी कामी येतात. आयबीएममध्ये राम चिल्लारेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली यासाठी एक पद्धत मांडली. दुरुस्ती करणाऱ्यानेच दोषाचा प्रकार लिहायचा: व्हेरिएबलला (कोडमध्ये किंमत साठवणाऱ्या नावाला) चुकीची किंमत दिली गेली? एखादी तपासणी राहून गेली? प्रोग्रॅमच्या दोन भागांचं (मॉड्यूलचं) एकमेकांशी जुळलं नाही? वेळेचा घोळ झाला? की मागितलेली सोय मुळात अर्धवटच होती?

सुटी नोंद फार काही सांगत नाही. शेकड्याने जमल्या की कल दिसतो. चाचणी शेवटच्या टप्प्यात आली, तरी ‘सोय अर्धवट’ प्रकारचेच बग निघत असतील, तर गडबड कोडिंगच्या आधीची, डिझाइनमधली आहे. टेस्टर वाढवून ती मिटणार नाही. डिझाइनच पुन्हा तपासावं लागेल.

कारणाच्या रकान्यात ‘मानवी चूक’ असा पर्याय मात्र ठेवूच नये. सगळे तोच निवडतात, आणि त्यातून काहीच कळत नाही.

त्याहून घातक म्हणजे महिन्याच्या तक्त्यात प्रत्येक डेव्हलपरच्या नावापुढे बगची संख्या लिहिणं. मग टेस्टर बग तोंडी सांगतात, डेव्हलपर तो गुपचूप दुरुस्त करतात, नोंदी घटतात. आणि पुढच्या बैठकीत दर्जा सुधारल्याचा आलेख दाखवला जातो.