19वा संघ: टास्मानियाला लीगमध्ये जागा मिळाली, ती कोणत्या अटींवर?

नमस्कार मंडळी. टास्मानिया या ऑस्ट्रेलियाच्या बेट-राज्याचं नाव घेतलं की आपल्याला आधी क्रिकेट आठवतं. रिकी पाँटिंग आणि डेव्हिड बून मूळचे तिथल्या लॉन्सेस्टनचे. होबार्टच्या बेलेरिव्ह मैदानावर 2012 साली विराट कोहलीने श्रीलंकेविरुद्ध 86 चेंडूंत नाबाद 133 धावा काढल्या, तो सामना तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पण त्या बेटावर हिवाळा येतो तेव्हा लोक वेगळ्याच खेळाच्या मागे असतात. तो म्हणजे ऑस्ट्रेलियन नियमांचा फुटबॉल, तिथल्या बोलीत 'फुटी'.

खेळ थोडक्यात सांगतो. मैदान लंबगोल, बहुतेक वेळा क्रिकेटचंच. दोन्ही बाजूंचे 18-18 खेळाडू. चेंडूही लंबगोल. तो लाथेने मारायचा किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने टोलवायचा, फेकायचा नाही. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने गेला की 6 गुण, बाजूच्या फटीतून गेला तर 1. या खेळाची राष्ट्रीय स्पर्धा म्हणजे एएफएल.

एएफएल राष्ट्रीय म्हणवते, पण तिचं मूळ मेलबर्नच्या स्थानिक लीगमध्ये आहे. आजच्या 18 संघांपैकी 10 एकट्या व्हिक्टोरिया राज्यातले. टास्मानियाचा आजवर एकही नाही. खेळाडू मात्र या बेटाने पिढ्यानपिढ्या पुरवले. सेंट किल्डाने आपलं एकमेव विजेतेपद 1966 साली जिंकलं, तेव्हा कर्णधार होता टास्मानियाचा डॅरेल बाल्डॉक. इयान स्ट्यूअर्टने सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक तीनदा मिळवलं. पीटर हडसनने 1971 च्या हंगामात 150 गोल केले. 1990 साली नॉर्थ होबार्टच्या मैदानावर टास्मानियाच्या राज्य संघाने थेट व्हिक्टोरियाला हरवलं. गुणवत्तेचा पुरावा यापेक्षा आणखी काय द्यायचा?

तरीही दार बंद राहिलं, आणि त्याची कारणं समजून घेतली पाहिजेत. लोकसंख्या जेमतेम पावणेसहा लाख, तीही विभागलेली: दक्षिणेला होबार्ट, उत्तरेला लॉन्सेस्टन. या दोन शहरांचं जुनं वैर आहे. मैदान कुठे, सामने किती कुठे, यावर उत्तर-दक्षिण भांडण पेटलं की मागणीची धार जायची. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लीगला नवा प्रेक्षक हवा असतो. टास्मानियातला माणूस आधीपासूनच फुटी बघत होता, मेलबर्नच्या एखाद्या संघाचा सभासद होता. त्याला संघ दिला काय नि न दिला काय, टीव्हीच्या हक्कांची किंमत फारशी हलत नव्हती. म्हणून 2011 मध्ये गोल्ड कोस्टला आणि 2012 मध्ये पश्चिम सिडनीला संघ मिळाला, कारण तिथे रग्बीचा प्रेक्षक फोडायचा होता. म्हणजे निष्ठा हीच टास्मानियाची अडचण ठरली. हे अन्यायाचं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मधल्या काळात राज्य सरकार पैसे देऊन मेलबर्नचे संघ बेटावर खेळायला आणत होतं. लॉन्सेस्टनला हॉथॉर्न, होबार्टला नॉर्थ मेलबर्न. वर्षाला मोजके सामने, आणि संपले की पाहुणे परत. स्वतःच्या संघासाठी चाललेल्या मोहिमेला इथूनच एक चांगला मुद्दा सापडला: दुसऱ्याच्या संघावर खर्च होतच आहे, तर तो स्वतःच्या संघावर का नको?

2019 मध्ये सरकारने उद्योजक ब्रेट गॉडफ्री यांच्या नेतृत्वाखाली कृतिगट नेमला. त्यांनी भावनेऐवजी ताळेबंद मांडला. मग लीगने स्वतःच्या वतीने कॉलिन कार्टर यांच्याकडून त्याची तपासणी करून घेतली. कार्टर पूर्वी जीलाँग क्लबचे अध्यक्ष होते. 2021 च्या त्यांच्या अहवालाने टास्मानियाची बाजू भक्कम असल्याचं मान्य केलं. मेलबर्नचा एखादा संघ हलवणं किंवा भागीदारी हे पर्यायही समोर ठेवले. त्यानंतर 18 क्लबांच्या अध्यक्षांची मनं वळवायची होती. ते सोपं नव्हतं. नवा संघ आला की प्रत्येकाच्या वाट्याचा पैसा पातळ होतो आणि उगवते खेळाडू निवडताना नव्या संघाला झुकतं माप द्यावं लागतं. संघ 19 झाले की संख्या विषम होते, म्हणून दर फेरीत कुणाला तरी सुट्टी द्यावी लागते. अखेर 3 मे 2023 रोजी टास्मानियाच्या संघाचा परवाना जाहीर झाला.

आता करार बघू, कारण खरी गोम तिथे आहे. सगळे आकडे ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये. राज्याने संघासाठी 12 वर्षं दरवर्षी 1.2 कोटी द्यायचे, शिवाय सराव केंद्रासाठी 6 कोटी. लीगने दहा वर्षांत साधारण 36 कोटी घालायचे, पण त्यातला मोठा भाग संघ चालवणं आणि खेळाचा प्रसार यांसाठी. आणि अट अशी की होबार्टच्या मॅक्वारी पॉइंट या बंदरालगतच्या जागेवर किमान 23,000 आसनांचं, कायमचं छत असलेलं नवं स्टेडियम झालं पाहिजे. वर्षाच्या घरच्या 11 सामन्यांपैकी 7 तिथे, 4 लॉन्सेस्टनला.

स्टेडियमचा पहिला अंदाज 71.5 कोटींचा. राज्य 37.5, केंद्र 24, लीग 1.5, आणि उरलेले 8.5 कोटी कर्जातून. ही बेरीज नीट पाहा. छताचा आग्रह ज्या लीगचा, तिचा वाटा शंभरात दोन. बेलेरिव्ह आणि लॉन्सेस्टन ही साधारण वीस-वीस हजारांची दोन मैदानं हाताशी होती. मग नवं का? लीगचं उत्तर अगदीच पोकळ नव्हतं. छोट्या बाजारात प्रत्येक खुर्चीमागे जास्त उत्पन्न लागतं. ते कंपन्यांच्या कक्षांतून, खाण्यापिण्यातून, जाहिरातींतून येतं, आणि जुन्या मैदानांवर या सोयी अपुऱ्या आहेत. शिवाय शहराच्या मध्यावर चालत पोचता येतं, आणि होबार्टच्या थंड पावसात छताखाली लोक येतात. पण ही जागा म्हणजे जुनं रेल्वेचं यार्ड आणि बंदराची औद्योगिक भूमी. भराव टाकलेली, दूषित माती. अशा जमिनीचा पायाखर्च खणल्याशिवाय कळत नाही. अंदाज 2025 मध्ये 94.5 कोटींवर आणि वर्ष संपायच्या आत 113 कोटींवर गेला. लीगचा आकडा ठरलेला, वाढीव खर्च मात्र राज्याच्या माथी.

छताचंही एक उदाहरण सांगतो. क्रिकेट जाणणाऱ्यांना ते चटकन कळेल. छत पारदर्शक आवरणाचं, पण त्याला पेलणाऱ्या तुळया तर असणारच. ऊन पडलं की त्यांच्या सावल्यांचे पट्टे खेळपट्टीवर येतात. वेगवान गोलंदाजाचा लाल चेंडू उजेड-सावली-उजेड असा येत असेल, तर फलंदाजाला तो दिसणार कसा? फुटीचा चेंडू मोठा, त्यात फारसं बिघडत नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट संघटनांनी जून 2025 मध्ये हा आक्षेप लेखी कळवला. सगळ्या खेळांसाठी म्हणून ज्याचं समर्थन चाललं होतं, त्या स्टेडियमबाबत कसोटी क्रिकेटच शंकेत आलं. छत पक्कं करण्याआधी सावलीचा अभ्यास व्हायला हवा होता.

जवळच्या युद्धस्मारकाचं दृश्य झाकलं जाईल म्हणून माजी सैनिकांची संघटना नाराज होती. अर्थतज्ज्ञ निकोलस ग्रुएन यांच्या स्वतंत्र अहवालाने खर्चाच्या दर डॉलरमागे 44 सेंटचाच लाभ दाखवला. राज्याच्या नियोजन आयोगाने सप्टेंबर 2025 मध्ये प्रकल्प करू नये अशी शिफारस केली. राजकारणही ढवळून निघालं. 2023 मध्येच सत्ताधारी पक्षाच्या दोन आमदारांनी पक्ष सोडला आणि सरकार अल्पमतात आलं. जून 2025 मध्ये अविश्वास ठराव मंजूर झाला, तेव्हा अर्थसंकल्प आणि फेरीबोटींच्या घोळासोबत स्टेडियमचाही राग त्यात होता. अखेर डिसेंबर 2025 मध्ये राज्याच्या वरिष्ठ सभागृहाने 9 विरुद्ध 5 मतांनी स्टेडियमला परवानगी दिली.

या सगळ्या गदारोळात मोहीम तगली ती एका हिशोबी पावलामुळे. मार्च 2024 मध्ये संघाचं नाव, 'टास्मानिया डेव्हिल्स', आणि हिरवी-पिवळी-लाल जर्सी जाहीर झाली. (नावासाठी वॉर्नर ब्रदर्सशी बोलणी करावी लागली, कारण त्यांचं त्याच नावाचं कार्टून आहे.) त्याच दिवशी 10 डॉलरचं संस्थापक सभासदत्व खुलं केलं. उद्दिष्ट होतं 40,000. ते काही तासांतच ओलांडलं आणि पुढे आकडा दोन लाखांच्या वर गेला. पैसा म्हणून ही रक्कम फार नाही: 20 लाख डॉलर म्हणजे राज्याच्या एका वर्षाच्या अनुदानाचा सहावा हिस्सा. बेटाबाहेरचे सभासदही त्यात पुष्कळ. पण प्रत्येक नोंदीमागे एक नाव आणि पत्ता होता. जनमत चाचण्यांत बहुसंख्य लोक स्टेडियमच्या विरोधात दिसत असताना, संघ हवा म्हणणाऱ्यांची इतकी मोठी यादी आमदारांसमोर होती. एकच माणूस दोन्ही बाजूंना असू शकत होता, आणि अनेक जण होते. करारात संघ आणि स्टेडियम यांची गाठ बांधली नसती, तर ही अडीच वर्षं भांडणात गेली नसती.

मुख्य कार्यकारी म्हणून ब्रेंडन गेल आले. ते टास्मानियातल्या बर्नीचे, मेलबर्नच्या रिचमंड क्लबचे माजी खेळाडू आणि त्याच क्लबचे माजी प्रमुख. सराव केंद्र होबार्टच्या दक्षिणेला किंग्स्टनमध्ये उभारायचं ठरलं. वाटचालही पायरीपायरीने आखली: 2026 मध्ये दुय्यम स्पर्धा व्हीएफएल, 2028 मध्ये एएफएल. ही दोन वर्षं खेळाडू जमवण्याइतकीच त्यांना टिकवण्याची घडी बसवायला लागतील. गोल्ड कोस्टला तरुण गुणवंत भरपूर मिळाले, पण चांगले चांगले खेळाडू घराकडे परतत राहिले, आणि बाद फेरी गाठायला 2025 उजाडलं. टास्मानियाची जमेची बाजू अशी की इथे घर याच बेटावर असलेले खेळाडू आहेत. संघ मात्र सुरुवातीचे हंगाम बेलेरिव्ह आणि लॉन्सेस्टनच्या जुन्या मैदानांवरच खेळेल, कारण 2028 पर्यंत छताचं स्टेडियम तयार होणार नाही. जी मैदानं अपुरी म्हणून अट घातली, त्यांच्यावरच पहिला सामना होऊ शकतो. मग ती अट परवान्याच्या आधी का होती, हा प्रश्न टास्मानियाच्या करदात्यांनी लीगला विचारत राहिला पाहिजे.