हलकी गिटार हवी? वजनकाट्याआधी पट्टा लावून बघा

नमस्कार मंडळी! गिटारवरचा कुठलाही व्हिडिओ टाकला की खाली एक प्रश्न हमखास येतो: "ताई, मी नवीन आहे, खांदा दुखायला नको, किती किलोची इलेक्ट्रिक गिटार घेऊ?" किती किलोची! आकडा सांगितला की विषय संपला, असं सगळ्यांना वाटतं. तो तिथे संपत नाही, म्हणून आज यावरच बोलणार आहे.

आकडा सांगूनच टाकते. भरीव बॉडीची इलेक्ट्रिक गिटार साधारण तीन ते साडेचार किलो भरते. लेस पॉल घाटाची जाड महोगनीची बॉडी चार किलोंच्या पुढे सहज जाते, स्ट्रॅटोकास्टर घाटाची बहुधा साडेतीनच्या आसपास असते. बासवुड, पॉप्लर, पॉलोनिया ही हलकी लाकडं. काही गिटारींची बॉडी आतून कोरून पोकळ केलेली असते, तीही हलकी पडते. एकाच मॉडेलच्या दोन गिटारींत अर्ध्या किलोचा फरक निघू शकतो, कारण लाकूड शेवटी लाकूड आहे. साडेतीनच्या आत मिळाली तर उत्तम. झालं.

आता खरा मुद्दा. (उभी राहते, गिटार पट्ट्यावर, दोन्ही हात सोडते.) बघा. ही गिटार तीन किलोंच्याही आत आहे. बॉडी पातळ, दिसायला सुंदर. मी हात सोडले आणि नेक, म्हणजे तारा दाबायचा हा लांब दांडा, कुठे गेला? थेट जमिनीकडे. याला नेक डाइव्ह म्हणतात. हलकी गिटार शोधणाऱ्यांच्या वाट्याला हाच त्रास जास्त येतो.

कारण सोपं आहे. गिटार हलकी करताना बॉडीचं लाकूड कमी करतात. नेक मात्र तेवढाच राहतो: मेपल किंवा महोगनीचा दांडा, त्याच्या पोटात तो वाकू नये म्हणून घातलेली लोखंडी सळई (ट्रस रॉड) आणि पार टोकाला धातूच्या सहा खुंट्या. म्हणजे एकूण वजन घटलं, पण उरलेलं वजन डावीकडे सरकलं. कावडीचं एक टोक जड झालं की एकूण ओझं कमी असूनही खांदा अवघडतो, तसंच आहे हे.

त्यात पट्ट्याचं बटण कुठे आहे हे फार महत्त्वाचं. (दुसरी गिटार कॅमेऱ्याजवळ धरते.) स्ट्रॅटोकास्टर 1954 साली आली, आणि तिचं हे वरचं शिंग बघा किती पुढे आलंय. बटण जवळपास बाराव्या फ्रेटच्या (नेकवर आडव्या बसवलेल्या धातूच्या काड्या म्हणजे फ्रेट) रेषेत येतं. पट्टा पुढून धरतो, म्हणून नेक तरंगत राहतो. आता 1961 साली आलेला गिब्सनच्या एसजी गिटारीचा घाट बघा: पातळ बॉडी, शिंगं आखूड आणि बटण मागे, नेक जिथे बॉडीला जोडलाय तिथे. म्हणून त्या घाटात नेक झुकण्याची तक्रार जास्त. एसजीप्रेमींनो, चिडू नका. एसी/डीसी बँडचा गिटारवादक अँगस यंग आयुष्यभर तीच वाजवत आलाय, गिटार अव्वलच आहे. पण त्याच्या हाताला ती सवयीची आहे आणि तुम्ही आत्ता पहिला कॉर्ड शिकताय.

"झुकला नेक तर झुकला, हाताने धरू की" असं एकाने लिहिलंय. नाही! इथेच सगळं बिघडतं. डाव्या हाताचं काम तारा दाबणं आणि नेकवर सरकणं. नेकला आधार देणं हे त्याचं काम नाही. माझ्याकडे एक मुलगी शिकायला यायची. जी कॉर्डवरून सी कॉर्डवर जाताना दरवेळी अडखळायची, आणि "माझा हातच मंद आहे" असं धरून बसली होती. तिचा हात नीट पाहिला, तर अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या खोबणीत लाल वळ उठलेला. म्हणजे ती नेक तिथे अडकवून उचलून धरत होती. कॉर्ड बदलायला हात सैल केला की नेक घसरायचा, मग आधी नेक पकडायचा आणि मग बोटं ठेवायची. माझी गिटार तिच्या गळ्यात घातली, तिच्या गिटारीपेक्षा चांगली जड. त्याच तासात कॉर्ड सहज बदलायला लागले आणि खांदेही खाली आले. हात मंद नव्हता हो, त्याच्यावर दुसरंच काम लादलं होतं.

आणि बसून? नवशिके बहुतेक वेळ बसूनच सराव करतात, म्हणून दुकानात दोन्ही तऱ्हेने बघा. उजव्या मांडीवर ठेवा, उजवं कोपर बॉडीवर हलकंच टेका आणि डावा हात काढा. नेक आडवा राहतोय का? की गिटार पुढे घसरतेय? व्ही आकाराची मांडीवर टिकणं तसंही कठीण. काही हेडलेस गिटारी इथे छान वाटतात, कारण टोकाला हेडस्टॉक (खुंट्या बसवलेला नेकचा शेंडा) आणि खुंट्यांचं वजनच नाही. पण मांडीवर टेकायची खाच बॉडीत कुठे कोरलीये ते तपासा. ती मागे असेल तर पहिला फ्रेट लांब जातो आणि हात ताणावा लागतो.

ऑनलाइन घेणाऱ्यांसाठी युक्ती. समोरून काढलेल्या फोटोत वरच्या बटणापासून नेकवर सरळ उभी रेघ कल्पा. ती बाराव्या-तेराव्या फ्रेटजवळ आली तर बहुतेक वेळा काळजी नाही. टेलिकास्टरमध्ये ती बरीच मागे येते, पण तिची भरीव बॉडी सांभाळून घेते. बटण मागे आणि बॉडीही पातळ, हलकी, असं दोन्ही एकत्र दिसलं तर परत देण्याची सोय आहे का ते आधी विचारा.

आधीच घेतली असेल तर? गुळगुळीत नायलॉनचा पट्टा काढा. सात-आठ सेंटीमीटर रुंद, आतून खरखरीत सुएडचा लावा. तो खांद्यावर घसरत नाही, त्यामुळे नेक बऱ्यापैकी थांबतो आणि वजनही पसरतं. बटणाची जागा बदलताही येते, पण भोक पाडायचं काम कारागिराकडूनच करून घ्या. आणि कृपा करून ते "बॉडीला मागून शिशाचं वजन चिकटवा" असले सल्ले नवशिक्यांना देऊ नका! मुद्दाम हलकी घेतलीये ना त्यांनी!

उरलेलं पटापट. कडा गोलावलेली, पोटाकडून घासलेली बॉडी हातापोटाला टोचत नाही. बोटं दुखतात ती वजनाने नाही, तारांच्या उंचीने. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली दोन मिलीमीटरच्या आसपास जागा असावी. जास्त असेल तर दुकानातून सेटअप, म्हणजे तारांची उंची वगैरे जुळवून घ्या, आणि तारा नऊच्या संचाच्या (सगळ्यात बारीक तार 0.009 इंचाची) लावा. स्प्रिंगवर तरंगणारा ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) पहिल्या गिटारीत नको, सूर लावण्यातच जीव जातो.

शेवटचा प्रश्न, लहान हातांचा. स्केल म्हणजे तारेची वाजणारी लांबी. फेंडरची नेहमीची स्केल 25.5 इंच, गिब्सनची साधारण 24.75, आणि मस्टँगसारख्या गिटारी 24 इंचांतही मिळतात. स्केल आखूड म्हणजे फ्रेट जवळजवळ आणि त्याच सुराला तारा सैल, दाबायला मऊ. दहा-बारा वर्षांच्या मुलांना 24 इंची बहुधा पुरते, त्याहून लहान असतील तर थ्री-फोर्थ, म्हणजे मुलांसाठीची छोट्या मापाची गिटार बघा. आणि हो, मुलांच्या छोट्या गिटारीतही बॉडी चिमुकली आणि नेक जड असा प्रकार असतो, तेव्हा तीही पट्टा लावूनच बघायची. डावखुऱ्या मंडळींचे प्रश्न वेगळे काढून ठेवलेत, त्यांच्यासाठी पुढचा व्हिडिओ करतेय.